आमची बोली शिकायला आलेल्या मॅडम

मॅडमचा फोटो वर्तमानपत्रात आला की माझी आई तो कापून पिठाच्या डब्याला चिकटवते. फोटोच्या खाली बहुतेक वेळा एक चौकट असते, त्यांच्या आयुष्यातून आपण काय शिकावं याची. पहाटे उठा, मोठी स्वप्नं बघा, हार मानू नका. परवा माझ्या मुलीला शाळेत त्यांच्यावर निबंध लिहायला सांगितला होता. तिनं तो मला वाचून दाखवला आणि विचारलं, हे सगळं खरं आहे का.

मी तिला म्हटलं, त्यांना पहाटे उठलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या घरी राहायच्या तेव्हा त्यांना उठवायचं काम माझ्याकडे असे, आणि ते काम सोपं नव्हतं. मोठ्या स्वप्नांविषयी त्या कधी बोलल्याचंही मला आठवत नाही. मुलगी जरा नाराज झाली. तिला निबंधासाठी काहीतरी हवं होतं. तेव्हा तिला जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहिते आहे.

मी वडीगोद्रीजवळच्या वस्तीवरची. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणं हाच धंदा होता. वडिलांनी मेंढरं विकली, थोडी जमीन धरली, तिच्यात कापूस आणि सोयाबीन घ्यायला लागले. दारात तेवढी शेरडं राहिली. मी शिकत गेले. जालन्याला कॉलेज झालं, मग पुण्यात नोकरी लागली. ती मॅडमच्या कंपनीत.

तेव्हा कंपनी म्हणावी असं काही नव्हतं. एका पिठाच्या गिरणीच्या वर भाड्याच्या खोल्या होत्या. खाली गिरणी सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि आवाजाचं कुठलंही काम करता यायचं नाही. आणि आमचं कामच आवाजाचं होतं. फोनला मराठी बोलणं समजावं, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी नुसतं बोलून विचारावं आणि फोननं बोलूनच उत्तर द्यावं, असं काहीतरी आम्ही तयार करत होतो. पाऊस कधी येईल, बाजारात काय भाव आहे, जनावर आजारी पडलं तर काय करावं, असले प्रश्न. गिरणीवाल्याची दुपारची जेवणाची सुट्टी झाली की आम्ही सगळे धावत आपापल्या जागी बसायचो आणि तेवढ्या शांततेत तपासण्या उरकून घ्यायचो.

मॅडम तेव्हा चाळिशीच्या आतल्या होत्या. उंच, किरकोळ, केस कायम मागे कसेतरी बांधलेले. लहानपणी त्यांचा डावा कान फुटला होता, त्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. म्हणून कुणी बोलायला लागलं की त्या मान वळवून उजवा कान पुढे करायच्या. समोरच्याला वाटायचं, ही बाई आपलं किती मन लावून ऐकते आहे. आणि त्या ऐकतही होत्या.

आमच्या यंत्राला आम्ही जे आवाज ऐकवून शिकवलं होतं, ते बातम्या वाचणाऱ्यांचे, निवेदकांचे आणि पुण्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींचे होते. ऑफिसात ते फार छान चालायचं. एका मोठ्या संस्थेला ते आवडलं होतं, त्यांच्यापुढे सगळं दाखवायचा दिवस ठरला होता. तो दिवस चांगला गेला असता तर गिरणीच्या वरून आम्ही कायमचे हललो असतो.

त्या दिवसांत मी आईला आमच्या यंत्राचा फोन नंबर दिला आणि म्हटलं, काहीतरी विचारून बघ. आईचं एक शेरडू खरंच आजारी होतं, पोट फुगलं होतं. तिनं तेच विचारलं. फोन म्हणाला, शेअर बाजाराची माहिती सध्या उपलब्ध नाही. आईनं परत विचारलं. फोननं परत तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना गंमत म्हणून सांगितलं. शेरडाचा शेअर झाला म्हणून सगळे पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून विचारलं, मग आई काय म्हणाल्या?

मी सांगितलं, आई म्हणाली की त्याची गलती न्हाई, माझंच बोलणं आडाणी हे.

मॅडमनी कप खाली ठेवला. तुम्ही गावाला कधी जाणार आहात, असं विचारलं. मी म्हटलं, दिवाळीत. त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ."

मला वाटलं, त्या बोलण्याच्या भरात म्हणाल्या असतील. पण सकाळी त्या खांद्याला पिशवी अडकवून एसटी स्टँडवर उभ्या होत्या. मला तर घरी कळवायलाही धड वेळ मिळाला नव्हता, बसमध्ये बसल्यावर फोन केला. दिवसभर प्रवास करून आम्ही शहागडला उतरलो. तिथून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून वडीगोद्री, आणि पुढे वस्तीपर्यंत वडिलांच्या मोटारसायकलवर एकेक करून.

पुण्याहून कंपनीच्या मालकीण येणार म्हणून आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शेजारून खुर्ची मागून आणली होती. मॅडम खुर्चीवर बसल्या नाहीत, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. चहा झाला. मग त्यांनी आईला फोन दिला आणि म्हणाल्या, परवा विचारलं होतं तेच परत विचाराल का.

आई उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला. दोन्ही पाय जुळवून, झेंडावंदनाला उभं राहावं तशी उभी राहिली आणि मी कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "माझी शेळी आजारी आहे. तिचे पोट फुगले आहे. कृपया उपाय सांगा."

फोनला सगळं कळलं. त्यानं लगेच विचारलं, शेळीने काय खाल्ले होते. मी आनंदानं उडालेच. वडीलही कौतुकानं बघायला लागले. आईनं माझ्याकडे पाहिलं, बघ, आलं का नाही मला, अशा नजरेनं.

मॅडमचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी आईला विचारलं, तुम्ही असं कुणाशी बोलता?

"कोणाशीच न्हाई," आई म्हणाली. "पर ह्याला असंच समजतं ना. मंग तसंच बोलाय पाह्यजे."

मॅडम उठून बाहेर गेल्या. बोअरच्या कडेला दगडावर बराच वेळ बसून राहिल्या. उन्हं उतरत होती, शेरडं घरी येत होती, आणि त्या तशाच बसलेल्या. मला वाटलं प्रवासानं त्यांची तब्येत बिघडली. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची आई तिच्याच घरात, तिच्याच शेळीविषयी बोलत होती. तरी साहेबापुढे उभं राहावं तशी उभी राहिली. आपण या लोकांसाठी आणखी एक साहेब तयार करून ठेवलाय."

मी लहानपणापासून आईला तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे, शाळेच्या मास्तरांपुढे तसंच उभं राहिलेलं पाहिलं होतं. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं, ते तसंच असतं असं वाटायचं. पुण्यात आल्यावर मीही माझं बोलणं बदललंच होतं. मॅडमना मात्र ते एकदाच बघून खुपलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

पुण्याला परतल्यावर त्यांनी दाखवण्याचा कार्यक्रम रद्द केला. त्यांचे एक भागीदार होते, कॉलेजपासूनचे मित्र. त्यांनी परोपरीनं समजावलं. म्हणाले, बहुतेकांना हे चालतंय, आधी सुरू तर करू, बोलीभाषांचं मागाहून बघता येईल. मॅडमचं म्हणणं होतं की एकदा सुरू झालं की लोकच यंत्राप्रमाणे बोलायला शिकतील, मग यंत्राला शिकवायची गरज कुणाला वाटणार आहे? दोघांचं पटलं नाही. काही महिन्यांत भागीदार निघून गेले. त्यांच्यामागून आणखीही काही जण गेले. गिरणीच्या वर रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. मी राहिले, कारण पहिलं काम आमच्याच भागात सुरू व्हायचं होतं आणि मॅडमना तिथं कुणीतरी हवं होतं.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागे एक खोली घेतली. तिथं सामान ठेवायचं आणि दिवसभर गावोगाव फिरायचं. लोकांचं बोलणं टेप करून घ्यायचं, ते जसंच्या तसं लिहून काढायचं, आणि त्यावर यंत्राला शिकवायचं, असं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आम्ही गेलो की लोकांना वाटायचं, विम्याचे आलेत. कुठं वाटायचं, शिरगणतीचे. अंतरवाली सराटीच्या चौकात चहाच्या टपरीवर आम्ही आवाज टेप करायची पेटी काढून ठेवली आणि म्हटलं, बोला काहीही. सगळे चिडीचूप. शेवटी एक गृहस्थ खाकरून उभे राहिले आणि "आदरणीय व्यासपीठ" इथपासून सुरुवात करून त्यांनी पाण्याच्या महत्त्वावर भाषण केलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी ते भाषण शेवटपर्यंत ऐकलं. खोलीवर आल्यावर म्हणाल्या, उद्यापासून पेटी पिशवीत ठेवू.

आणि त्या लोकांच्यात राहायला लागल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या आमच्या शेतात आईबरोबर ओळीला लागल्या. कापसाच्या बोंडाची टोकं वाळली की सुयांसारखी होतात. पहिल्याच दिवशी त्यांची बोटं रक्ताळली. बायका हसल्या, एकीनं त्यांच्या बोटांना चिंध्या बांधून दिल्या. कापूस त्यांना शेवटपर्यंत धड वेचता आला नाही, त्यात पाचोळाच जास्त असायचा. पण बायका बोलायला लागल्या. सासरचं, माहेरचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं. तेव्हा कुठं मॅडमनी पेटी बाहेर काढली. काढताना मात्र प्रत्येक वेळी सगळं समजावून सांगायच्या. ही पेटी ऐकते आहे, तुमच्या आवाजावरून फोनला शिकवायचं आहे, नको असेल त्यानं नको म्हणा. आणि संध्याकाळी ज्याचं बोलणं त्याला ऐकवून परत विचारायच्या, ठेवू का? बहुतेक लोक स्वतःचा आवाज ऐकून लाजायचे, हसायचे आणि ठेवा म्हणायचे.

रात्रीचं जेवण आणि झोपणं आमच्याकडेच असे. आईनं त्यांना आधी मॅडम म्हटलं, मग बाई म्हटलं, आणि मग एक दिवस, त्या हेडफोन लावायला लागल्या तेव्हा, "ए पोरी, आधी जेव, मंग ते कानातलं घाल" असं दटावलं. मॅडम आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायच्या. "मी जेवून राह्यले" हे त्यांना पटकन जमलं. पण "गेल्ते" आणि "गेले होते" यात आईला ऐकू येणारा फरक त्यांना लवकर ऐकू येईना, तर त्या परत परत म्हणवून घ्यायच्या. पीठ मळता मळता आई एखाद्या मास्तरणीसारखी त्यांची उजळणी घ्यायची. आईला इतकं खूश मी क्वचित पाहिलं आहे.

मॅडम गोड स्वभावाच्या होत्या असं मात्र नाही. आम्ही टेप ऐकून लिहून काढायचो, तेव्हा हाताच्या सवयीनं सगळेच "न्हाई"चं "नाही" करायचो. हे लक्षात आल्यावर त्यांनी आमचं सगळं काम पहिल्यापासून परत करायला लावलं. इतक्या चिडल्या होत्या की दोन दिवस आमच्याशी कामापलीकडं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही त्यांचं लिहून घेत नाही आहात, त्यांना सुधारून घेताय. त्यांच्या घरचे फोन यायचे, तेव्हा त्या "नंतर करते" म्हणायच्या आणि विसरायच्या. त्यांच्या यजमानांनी एकदा माझ्यापाशी फोनवर निरोप ठेवला आणि शेवटी हसून म्हणाले, सगळ्या जगाचं ऐकते, आमचं तेवढं राहतं. त्या हसण्यात थोडं दुःख होतं. मी निरोप दिला, तर मॅडमनी हेडफोन परत कानाला लावला आणि कामाला लागल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते.

शहागडच्या पुढे नदीकाठच्या एका वस्तीवर एक म्हातारी होती, माझ्या वडिलांच्या नात्यातली, मी तिला आत्या म्हणायचे. तिचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. तिच्या बोलण्यात असे शब्द होते की ते माझ्या आईलाही पुरते माहीत नव्हते. मेंढराच्या वयाप्रमाणे वेगवेगळी नावं, ढगांची नावं, वाऱ्याची नावं. कितीतरी दिवसांपासून आम्ही असं जुनं बोलणारं माणूस शोधत होतो. एका दुपारी आत्या बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मॅडम उजवा कान तिच्याकडे करून समोर बसल्या होत्या, मधूनच एखादा शब्द विचारायच्या. पेटी चालू होती. बोलता बोलता आत्या तिच्या लेकीवर आली. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत ती लेक गेली होती. कशी गेली, काय झालं, ते सगळं आत्यानं सांगितलं. आमच्या नात्यात हे कुणीच कधी काढत नसे. मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकलं. मॅडमनी पेटी बंद करायला हात पुढे केला होता, पण आत्यानं तोच हात धरून ठेवला आणि बोलत राहिली.

नंतर नेहमीप्रमाणे मॅडमनी तिला तिचं बोलणं ऐकवलं. आत्या स्वतःचा आवाज ऐकत बसली. डोळे कोरडे होते. आवाज संपल्यावर म्हणाली, "हे पुसून टाक बाई. हे मी तुला बोलले. डब्ब्याला न्हाई."

मॅडमनी विचारलं, लेकीचं तेवढंच पुसू, का सगळंच?

"समदंच," आत्या म्हणाली.

मी आत्याच्या मागे उभी होते. मी मॅडमना हातानं नको नको म्हणून खुणावत होते. तशी दुपार परत मिळणार नव्हती. ढगांची ती नावं दुसऱ्या कुणाच्या तोंडात उरली असतील याची खात्री नव्हती. मॅडमनी मला पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. पेटी आत्याच्या मांडीवर ठेवली, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि आत्याच्याच बोटानं ते सगळं पुसलं.

इथपर्यंत कुणीही चांगल्या माणसानं केलं असतं. पण आमच्या पद्धतीप्रमाणे ऐकवण्याआधीच ते बोलणं माझ्या लॅपटॉपमध्येही उतरवून झालं होतं. आत्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. लॅपटॉप म्हणजे काय तेही तिला माहीत नव्हतं. मॅडमनी तो मागून घेतला, आत्यापुढे उघडला आणि म्हणाल्या, आत्या, हे बोलणं इथंही एक आहे, हेही आता पुसते आहे. आणि पुसलं.

आत्यानं मान हलवली, चुलीपाशी गेली आणि चहा टाकला.

परतताना काळीपिवळीत आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. मला रडू येत होतं, ते लेकीच्या गोष्टीचं होतं की वाया गेलेल्या दुपारचं, कोण जाणे. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आज आपलं फार मोठं नुकसान झालं." नुसतं एवढंच. ते नुकसान नाहीच, उलट फायदाच आहे, अशी स्वतःची समजूत त्यांनी घातली नाही. नुकसान आहे हे पुरतं माहीत असून त्यांनी ते केलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या जवळून मी एवढं मोठं माणूस पाहिलेलं नव्हतं. गाडी खड्ड्यातून आदळत चालली होती आणि त्या दांडीला धरून, अर्ध्या सीटवर बसलेल्या होत्या.

पुढं असं झालं की ही गोष्ट वस्त्यांवस्त्यांतून पसरली. आत्यानंच सांगितलं असणार. ती बाई पुस म्हटलं की पुसते, असं लोक म्हणायला लागले. ज्या बायका आम्हाला बघून घरात जात, त्या आपणहून बोलावून घ्यायला लागल्या. त्या हंगामात आम्हाला इतके आवाज मिळाले की लिहून घ्यायला हात पुरेनात. आत्याचे शब्द मात्र मिळाले नाहीत. ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. त्यातलं मला आठवतं तेही कुठं लिहायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि मी ते लिहिलेलं नाही.

काम पुरं व्हायला बराच काळ गेला. मध्ये माझं लग्न झालं, मी जालन्याला आले आणि तिथून काम करायला लागले. नवीन यंत्र तयार झालं तेव्हा मॅडम परत आमच्या वस्तीवर आल्या, मीही माहेरी आले होते. या वेळी त्यांनी आईला काहीच सांगितलं नाही, नुसता नंबर बदललाय एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी सकाळी आई गोठ्यातून घाईघाईनं आली आणि एका हातात बादली तशीच धरून फोनवर बोलली, "शेरडू फुगून राह्यलं सकाळधरनं. जल्दी सांग, काय द्यावं?"

फोननं विचारलं, "शेरडानं काय खाल्लं?"

आई गपकन थांबली. बादली खाली ठेवली. फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "ह्याला शेरडू कळलं," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात. नंतर ती ओसरीवर बसली आणि पाय पसरून, शेजारणीशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायला लागली. ओली ज्वारी खाल्ली, रात्री कोणी दावं सोडलं, मागच्या वेळी असंच झाल्तं. तोवर मी ते यंत्र आतून-बाहेरून ओळखत होते, त्यातल्या कितीतरी ओळी मी लिहिल्या होत्या. तरी त्या सकाळी मला वाटलं की हे आपण केलेलं नाही, आपल्याला नुसतं दिसलं आहे.

मॅडम दारात उभ्या होत्या. आईचा फोन झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की शेळी कशी आहे आता. मग चपला घालून आईबरोबर गोठ्यात गेल्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तेच काम इतर जिल्ह्यांत झालं, इतर राज्यांत झालं, मग परदेशांतही, जिथं जिथं लोक घरात एक बोलतात आणि कचेरीत दुसरं. गिरणीच्या वरची जागा कधीच सुटली. आता काचेची मोठी इमारत आहे, मी तिथं एकदाच गेले आणि लिफ्टपाशी चुकले. मॅडमना मोठमोठ्या ठिकाणी बोलावतात. तिथं त्यांना यशाचं रहस्य विचारतात, आणि त्या काहीतरी थोडक्यात सांगून सुटका करून घेतात. त्यातूनच त्या चौकटी तयार होत असाव्यात.

गेल्या उन्हाळ्यात मी शहागडला बसची वाट बघत उभी होते. रस्त्याच्या कडेला एक बाई खरबुजं विकत बसली होती, वर चार काठ्यांवर कापड ताणून सावली केलेली. वारं सुटायला लागलं होतं. तिनं फोन तोंडाजवळ धरून विचारलं की वारं वाढणार हे का, पाल काढून ठेवू का. फोन तिला भिंतीवरची पाल कशी घालवायची ते सांगायला लागला. बाई उखडली. "आरं, पाल म्हंजी हे डोक्यावरचं कापड. घरातली न्हाई." फोननं चूक झाल्याचं सांगितलं आणि दुपारनंतर वारं वाढेल असं म्हटलं. तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि काठ्या उपटायला लागली. तिला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. उशीर केला म्हणून राग तेवढा आला होता.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. फार दिवसांनी बोलत होतो. त्या कुठल्यातरी विमानतळावर होत्या, मागून घोषणा ऐकू येत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील.

त्या म्हणाल्या, "त्या बाई अजून तिथंच आहेत का? त्यांना विचारा, पालाला त्या आणखी काय काय म्हणतात, आणि त्यांच्या आई काय म्हणायच्या. पण कशासाठी विचारताय ते आधी सांगा. आणि आपली चूक झाली, त्याबद्दल सॉरी म्हणा."

माझी बस समोर येऊन लागली होती. मी खरबुजवालीपाशी गेले आणि सगळं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एक काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे धर आधी. मंग सांगते." बस निघून गेली. आम्ही दोघींनी मिळून पाल उतरवलं, त्याची घडी घातली, आणि मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले.